‘ख’च्या आधीचे शब्द

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी चेन्नईत, वेस्ट मांबलममध्ये, एका आजींच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. आजी निवृत्त तमिळ शिक्षिका. घरात मात्र तंजावरची जुनी मराठी बोलायच्या. माझा विषय ऑर्डिनल संख्या, म्हणजे अनंत संपल्यावरही रांगेने पुढे मोजत जाणाऱ्या संख्या. त्या मी एका अगदी साध्या यंत्रावर बसवणार होते. फायनाइट ऑटोमॅटन म्हणतात त्याला. एकेक अक्षर वाचत जायचं आणि शेवटी हो किंवा नाही म्हणायचं, एवढीच त्याची अक्कल. माझी त्याहून फार जास्त नव्हती, हे लवकरच कळलं.

सेमिनारच्या आदल्या आठवड्यात सराव म्हणून मी आजींना समोर बसवलं. पहिलीतल्या मुलीला समजवावं अशा सुरात म्हणाले, “अक्षरं दोनच, क आणि ख. त्यांचे शब्द शब्दकोशासारखे लावायचे. प्रत्येक शब्द म्हणजे एक संख्या. कोणता आधी, ते माझं यंत्र सांगतं. अट एकच. कुठूनही मागे मागे निघालं तरी कधीतरी थांबावंच लागतं.”

आजी शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मी ‘ख’पासून मागें निघतें. त्याच्या आधीं कख. त्याच्या आधीं ककख. मग कककख. अग, थांबूं कुठें?”

मी वहीत कककककखपर्यंत लिहून पाहिलं; थांबायला जागाच नव्हती. तीन महिन्यांचं काम दोन मिनिटांत आटोपलं होतं.

रडून झाल्यावर दुरुस्ती केली. आधी शब्दाची लांबी बघायची, मग शब्दकोश. यंत्र छान चाललं, पण त्यातून निघाल्या नुसत्या साध्या एक, दोन, तीन, चार. अनंताच्या पलीकडे निघालेली मी बालवाडीत पोचले होते.

“चूक कोणाच्या लक्षात आली?” माझ्या मार्गदर्शक सरांनी विचारलं.

“माझ्याच,” मी म्हणाले. इतक्या सहज, की मलाच खरं वाटलं.

सेमिनारला आजी इस्त्रीची साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. माझं बोलणं चाळीसऐवजी बारा मिनिटांत संपलं. स्वतःची चूक स्वतःच शोधून कबूल केली म्हणून सरांनी उठून भर सभेत माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. आजी टाळ्या वाजवायला लागल्या, तेही मनापासून. तेव्हा मात्र मला राहवेना.

“चूक मी नाही काढली, सर. या आजींनी काढली.”

नंतर कॉफीच्या वेळी सगळे आजींभोवती जमले. मला प्रश्न एकानेच विचारला, “त्यांना अजून एक कॉफी आणून देता का?”

मी आणून दिली.