रेडिओ सरांचं मौन

भूगोलाच्या सरांना मुलं मागून 'रेडिओ' म्हणत, आणि सरांना ते ठाऊक होतं. त्यात त्यांना वावगं काही वाटत नसे. तोंडाची टकळी वर्गात शिरायच्या आधी सुरू व्हायची आणि घंटा झाल्यावरही जिन्यापर्यंत चालायची. शांतता त्यांना सोसवतच नसे. माणूस मात्र लाखमोलाचा. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोण उपाशीपोटी आलंय, हे त्यांना चेहरा बघूनच कळायचं.

खिडकीजवळच्या बाकावरची मुलगी बोलताना अडखळायची. "स-समुद्राला..." एवढं तिच्या तोंडून निघायचा अवकाश, की सर मदतीला धावलेच. "भरती दिवसातून दोनदा येते! शाब्बास, बस खाली!" मुलांनी तिला हसू नये, म्हणून हा सगळा खटाटोप. आणि खरंच, तिला कुणी हसलं नाही. तिने हात वर करणं मात्र कधीच सोडून दिलं होतं.

तोंडी परीक्षा जवळ आली तशी तिची आई शाळेत आली. "सर, तिची लेखीच घ्याल का? हट्टाला पेटलीय. तोंडी असेल तर शाळेतच जाणार नाही म्हणते."

"घेऊ की! अजिबात काळजी करू नका," सर म्हणाले. पोरीचे हाल वाचवले, या आनंदात त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

रात्री जेवताना त्यांनी ही शौर्यगाथा बायकोला ऐकवली. ती म्हणाली, "पण तुम्ही तिला कधी..."

"समजावलं का? अगं, रोज समजावतो!"

"तसं नाही. तिला कधी पूर्ण..."

"वेळ दिला का? अगं, वर्गात एवढी मुलं..."

"बोलू दिलंत का, असं विचारतेय मी!" बायकोने डाव आपटला. "लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं एक तरी वाक्य शेवटाला गेलेलं आठवतंय तुम्हाला?"

सरांचा घास हातातच राहिला. त्यांना वाईट वाटलं, अगदी मनापासून. वर्षभर त्या पोरीला त्यांनी शाब्बासकी दिली होती ती स्वतःच्याच उत्तरांना. तिचं उत्तर त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या बाकाजवळ जाऊन हळूच विचारलं, "भरती का येते, सांगतेस? नको असेल तर नको, जबरदस्ती नाही." ती उठली आणि सवयीने सरांच्या तोंडाकडे बघत राहिली. उत्तर नेहमी तिकडूनच यायचं ना! पण सर मूग गिळून उभे. एकाने मागून उत्तर पुरवायला तोंड उघडलं, त्याला त्यांनी हातानेच गप्प केलं. कपाळाला घाम फुटला, जीभ नुसती वळवळत होती, पण गडी हलला नाही.

"व-व-वाऱ्यामुळे," ती म्हणाली.

"चूक," सर म्हणाले.

तिला चूक म्हणायची वेळ आजवर आलीच कुठे होती? पण पोरगी बसली नाही. भुवया आक्रसून म्हणाली, "प-पण तलावात लाटा येतात त्या व-वाऱ्यामुळेच ना?"

"येतात की! लाटा वाऱ्याच्याच. भरती वेगळी. कशी, ते आता फळ्यावर बघू." आणि त्या दिवशी सगळा तास दोघांची जुंपली. ती वाद घालत होती, सर वाट बघत होते. घंटा कधी झाली, कुणाला कळलं नाही.

वर्ग रिकामा झाला तरी ती दारात घुटमळत होती. "सर, त-तोंडी परीक्षेत मला..."

पुढचं सरांना पाठ होतं. 'माफी आहे तुला, आईशी बोलणं झालंय माझं.' वाक्य अगदी जिभेच्या टोकावर आलं. त्यांनी दात घट्ट आवळले आणि थांबले. ती अडली, श्वास घेतला, पुन्हा अडली. सर थांबलेच.

"...प-पहिली बोलवाल?" ती म्हणाली.