पिझ्झ्याचा इन्स्पेक्शन रिपोर्ट

तीन माणसं दहा वर्षं एका टेबलावर डबा खात असली की किस्से आपोआप साठतात. कुणी ते मुद्दाम जपत नाही. मग कधीतरी एखाद्या लग्नात गाठ पडते, एकजण म्हणतो, "तो सांबारवाला सांग ना," आणि हात वाळले तरी पंगतीतून कुणी उठत नाही. आमचे किस्से पिझ्झ्याचे आहेत. ऐकणाऱ्याला ते आधी खरे वाटत नाहीत, कारण आमचं काम अंबरनाथच्या एका कारखान्यात व्हॉल्व्ह तपासण्याचं होतं.

क्वालिटी कंट्रोल खात्यात आम्ही तिघं. फणसे साहेब खातेप्रमुख. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं आणि एक छोटी स्टीलची पट्टी. साहेब खोटं बोलायचे नाहीत आणि हसायचेही नाहीत. दुसरा मोहन रामचंदानी, उल्हासनगरचा. मराठी आमच्यापेक्षा भरभर बोलायचा आणि अडला की हिंदीत उतरायचा. तिसरी मी, राणे. साहेब तपासायचे, मोहन मोजायचा, मी रिपोर्ट लिहायचे.

नव्वद सालानंतर आमच्या भागात पिझ्झा आला. आधी उल्हासनगरात, मग अंबरनाथला, मग बदलापूरला. नवी गोष्ट याच क्रमाने यायची. बेकरीतला तयार बेस, त्यावर गोडसर लाल सॉस, कांदा, शिमला मिरची आणि किसलेल्या चीजचा ढीग.

बदलापूर गावातून तेव्हा एक चारपानी साप्ताहिक निघायचं. त्यातली जाहिरात वाचून साहेबांनी पिझ्झा खाल्ला आणि संपादकांना पत्र टाकलं: 'सदर पदार्थ मध्यभागी एक व कडेला दुसराच होता. एकसारखेपणा नाही.' संपादकांनी पत्र छापलं नाही. ते स्वतःच कारखान्याच्या गेटवर आले.

"दर आठवड्याला एका दुकानाबद्दल असं लिहाल का?"

"मी तपासेन," साहेब म्हणाले. "लिहितील राणे."

"पण तुम्ही खरा पिझ्झा कुठे खाल्लाय?"

"खाल्लेला नाही."

"मग तपासणार कसा?"

"आमचे व्हॉल्व्ह जहाजाला लागतात," साहेब म्हणाले. "आमच्यापैकी कुणी जहाज बघितलेलं नाही."

*

साहेबांनी फॉर्म तयार केला. बेसची जाडी चार ठिकाणी, चीजचा थर, कडेचा कडकपणा, मध्यभाग शिजला आहे की नाही. शेवटी शेरा आणि सही.

पहिली तपासणी उल्हासनगरातल्या एका बेकरीत. पिझ्झा टेबलावर आला. साहेबांनी पिशवीतून मोजमापाचा व्हर्निअर काढला आणि बेस त्याच्या जबड्यात धरला. मालक काउंटरमागून धावत आला.

"साहब, काटा बराबर है. सील भी लगा है."

"वजन नाही," साहेब म्हणाले. "जाडी."

हे ऐकून तो जास्तच घाबरला. जाडीवर कुठलं सरकारी खातं येतं हे त्याला माहीत नव्हतं. त्याने आमच्यापुढे थंडा ठेवला, खारी ठेवली, नानकटाई ठेवली. साहेबांनी बशा एकामागून एक बाजूला सरकवल्या आणि मोहनला आकडे सांगत राहिले. शेवटी मोहन मालकाशी सिंधीत काहीतरी बोलला. मालकाचा चेहरा सैल झाला. त्याने साहेबांकडे फार मायेने पाहिलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंस त्याला?"

"काही नाही, राणे मॅडम. बोललो, साईं, डरो मत. माणूस चांगला आहे, फक्त मोजल्याशिवाय त्याला जेवण जात नाही."

पुढच्या आठवड्यात त्या बेकरीवर हिंदीत नवी पाटी लागली: 'हमारे यहाँ नापा हुआ पिझ्झा मिलेगा.'

*

अंबरनाथ स्टेशनजवळच्या एका उडपी हॉटेलने मेनूकार्डात पिझ्झा घातला. तो उत्तप्प्याच्या खाली आणि मिसळीच्या वर होता. आम्ही मागवला. वेटरने पिझ्झा ठेवला, शेजारी खोबऱ्याची चटणी ठेवली आणि सांबाराची वाटी ठेवली.

"हे सांबार कशाला?" मोहन म्हणाला.

"पिझ्झ्याबरोबर येतो," वेटर म्हणाला. "एक्स्ट्रा पण मिळेल."

साहेबांनी पिझ्झा तपासला. मग सांबार चमच्याने ढवळून शेंगेचे तुकडे मोजले. मग फॉर्मवर बराच वेळ विचार केला. त्या आठवड्याचा शेरा साहेबांच्या अक्षरात अजून माझ्याकडे आहे: 'सांबार उत्तम. सोबत आलेल्या वस्तूबद्दल हॉटेलने खुलासा करावा.'

*

बदलापूरच्या एका दुकानातलं चीज काही केल्या वितळत नव्हतं. पिझ्झा गरम, बेस गरम, चीज मात्र किसून ठेवलं तसंच. साहेबांना हे पटेना. त्यांनी चीजचा नमुना कागदात बांधला आणि सोमवारी लॅबमध्ये आणला. मोहनने तो एका छोट्या वाटीत घालून भट्टीत सरकवला.

दहा मिनिटांत अख्ख्या मजल्यावर वास सुटला. नेमके जनरल मॅनेजर राउंडवर होते. दारातच थांबले.

"फणसे, हा कसला वास?"

मी आणि मोहन जागीच थिजलो. साहेबांना खोटं बोलता येत नाही हे आम्हाला ठाऊक होतं.

"हीट टेस्ट चालू आहे, सर."

"कुठल्या ऑर्डरची?"

"बदलापूरची."

जनरल मॅनेजरांनी वाटीत वाकून पाहिलं. "मटेरियल टिकेल?"

"टिकलंय, सर," साहेब म्हणाले. "तीच तर तक्रार आहे."

जनरल मॅनेजरांनी मान हलवली, रजिस्टरवर सही केली आणि पुढे गेले.

*

एकदा संपादक फार अस्वस्थ होऊन आले. आम्ही ज्याला रिजेक्ट केलं होतं, त्याच दुकानाची जाहिरात त्याच पानावर लागली होती.

"फणसे, तो माझा जाहिरातदार आहे. त्याच्याबद्दल काहीतरी चांगलं लिहा ना."

साहेबांनी अंक हातात घेतला, जाहिरात लांबून आणि जवळून पाहिली, पट्टी काढून चौकट मोजली.

"जाहिरात ॲक्सेप्टेड," ते म्हणाले. "चारही बाजू सारख्या आहेत."

*

आमच्या कँटीनमध्ये काळूबाई होत्या. बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावरून यायच्या. पहाटे उठून घरच्या भाकऱ्या थापायच्या, मग इथे येऊन दोनशे माणसांच्या पोळ्या. एका शनिवारी अंबरनाथच्या नव्या दुकानातला पिझ्झा आम्ही कँटीनमध्येच आणून तपासला. साहेबांना काहीतरी खटकत होतं, पण काय ते सांगता येत नव्हतं. जाडी बरोबर, चीज बरोबर, कड बरोबर.

काळूबाई टेबल पुसायला आल्या. साहेबांनी एक तुकडा पुढे केला. त्यांनी तो खाल्ला नाही. उलटा केला, खालून नख मारलं आणि परत ठेवला.

"वरनं जाळ हाय," त्या म्हणाल्या. "खाली जाळच न्हाई."

साहेबांनी ते शब्द जसेच्या तसे फॉर्मवर घेतले आणि मी ते जसेच्या तसे छापायला दिले. चौथ्या दिवशी त्या दुकानाचा मालक गेटवर हजर. हातात पेढ्यांचा पुडा. त्याच्या ओव्हनची खालची कॉइल कधीची जळली होती आणि हे त्याच्या मेकॅनिकलाही कळलं नव्हतं.

"मुंबईहून कोणी एक्स्पर्ट बोलावला होता का?" त्याने विचारलं. "मला भेटायचंय त्यांना."

साहेब त्याला कँटीनमध्ये घेऊन गेले. काळूबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"थांबायला सांगा," त्या म्हणाल्या. "माझी डाळ उतू चाललीय."

तो पाऊण तास थांबला.

*

आता सुर्वेबाईंचं सांगते.

सुनंदा सुर्वे बदलापूर पूर्वेला दोन खोल्यांत राहायच्या. नवऱ्याची कंपनी बंद पडली होती. बाईंनी गॅलरीत पत्रा ठोकून एक गोल ओव्हन मांडला आणि वाढदिवसांच्या पिझ्झ्याच्या ऑर्डरी घ्यायला लागल्या. मोहनने आपल्या नावावर एक पिझ्झा मागवला आणि आम्ही तो नेहमीसारखा तपासला.

साहेबांनी लिहिलं: 'मध्यभाग कच्चा. सॉस पातळ असल्याने ओल बेसमध्ये उतरते. सॉस आटवून व बेस आधी भाजून घेतल्यास दोष जाईल. रिजेक्टेड.'

हे कोरडं वाटलं म्हणून मी लेखात लिहिलं: 'मधला भाग पाहून शाळेतली खळ आठवली. पतंग चिकटवायला याहून चांगलं काही मिळणार नाही.'

संपादक खूश झाले. तो अंक लोकांनी एकमेकांना वाचून दाखवला. मलाही दोघांनी रस्त्यात थांबवून सांगितलं की खळीचं फार मस्त होतं. मी त्या दिवशी घरी जाताना स्वतःसाठी गजरा घेतला, हे मला अजून आठवतं.

पंधरा दिवसांनी, दुपारच्या सुट्टीत, सुर्वेबाई कारखान्याच्या गेटवर आल्या. साहेबांनी त्यांना कँटीनमध्ये आमच्या टेबलावर बसवलं. बाईंनी पदर नीट केला आणि पाणी नको म्हटलं.

"तुमच्याकडे माल परत पाठवताना कारण लिहून देतात ना?" त्यांनी विचारलं. "आमचे मिस्टर अशाच कारखान्यात होते. ते सांगतात, माल पुरवणाऱ्या व्हेंडरला कारण द्यावंच लागतं. मला माझं कारण द्या."

"छापून आलंय की," साहेब म्हणाले.

तेव्हा आम्हाला कळलं की साहेबांनी साप्ताहिक एकदाही वाचलेलं नव्हतं. ते फॉर्मवर सही करायचे आणि त्यांचं काम तिथे संपायचं.

बाईंनी पर्समधून कात्रण काढून टेबलावर ठेवलं. साहेबांनी ते वाचलं. शेवटपर्यंत वाचून पुन्हा वरून वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी डब्याचं झाकण लावत होते. ते आधीच लागलेलं होतं.

"माझ्या तीन ऑर्डरी रद्द झाल्या," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "त्याचं मला एवढं नाही. मुलीला शाळेत खळ म्हणतात."

साहेब उठले, खात्यात गेले, फाइलमधून मूळ रिपोर्ट शोधून घेऊन आले आणि टेबलावरच त्याची नक्कल करून बाईंना दिली. बाईंनी ती उभ्यानेच वाचली.

"सॉस आटवायचा. एवढंच?"

"आणि बेस आधी भाजायचा."

"हे छापलं असतंत तर मी त्याच संध्याकाळी केलं असतं," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

पुढच्या बुधवारी त्या डबा घेऊन आल्या. साहेबांनी तपासून लिहून दिलं: 'सुधारणा आहे. कड करपली.' त्याच्या पुढच्या बुधवारी पुन्हा आल्या. 'कड ठीक. मीठ जास्त.' त्या दर वेळी कागद घ्यायच्या, घडी घालायच्या, जायच्या. माझ्याशी बोलायच्या नाहीत. मी दर बुधवारी डबा लवकर संपवायला लागले, पण साहेब म्हणायचे, "राणे, बसा. रिपोर्ट तुम्ही लिहिता." मग मला बसावं लागायचं.

चौथ्या बुधवारी त्यांनी डबा उघडला. साहेबांनी व्हर्निअर लावला, बेस उलटा केला, काळूबाईंना बोलावलं. काळूबाईंनी नख मारलं आणि तुकडा तोंडात टाकला. साहेबांनी एक तुकडा खाल्ला. मग दुसरा खाल्ला. तपासणीत दुसरा तुकडा साहेबांनी कधीच घेतलेला नव्हता. मोहनने माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी बोटं पुसली, 'ॲक्सेप्टेड' लिहिलं, सही केली आणि खात्यातून शिक्का मागवून तोही मारला.

बाईंनी तो कागद पर्समध्ये ठेवला. मग पर्समधूनच दुसरा कागद काढला आणि टेबलावर पसरला. मुलीच्या वहीतलं आखीव पान होतं. पट्टीने रेघा मारून, आमच्यासारखाच फॉर्म हाताने तयार केलेला.

साहेबांनी तो मोठ्याने वाचला.

"मालाचं नाव: पिझ्झ्याचा लेख. लांबी: पुरेशी. भाषा: खमंग. दोष: कारण दिलेले नाही, उपाय दिलेला नाही. लिहिणाऱ्याने खळ खाऊन पाहिलेली दिसत नाही. शेरा: रिजेक्टेड. दुरुस्त करून पुढच्या अंकात पुन्हा सादर करावे."

खाली एक रेघ होती. तिच्याखाली लिहिलं होतं, 'व्हेंडरची सही.'

साहेबांनी कागद खालपासून वरपर्यंत पुन्हा तपासला, जसं एखादं ड्रॉइंग तपासायचे. खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं. मला वाटलं ते सही करणार.

त्यांनी कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं.

"राणे," ते म्हणाले, "व्हेंडर तुम्ही आहात."