हिराबाईची तारीख

भूतबित मी मानत नाही. शेताची राखण केलीय, अवसेला मसणवटीतून सायकल हाणलीय. असतं काही, तर मला भेटलं नसतं? शिक्षण तिसरी नापास, पण जे पाहिलं तेच लिहितोय.

आम्ही बाळकुमला राहतो. पूर्वी आमची भाताची खाचरं होती तिथेच आता बिल्डिंग आहे. आमच्या गावकी मंडळाची रीत अशी, की सभासद हयात असो की गेलेला, जन्मदिवसाला देवळात त्याच्या नावाने दिवा लागतो. यंदा मंडळाने सगळी माहिती नव्या कॉम्प्युटरात घ्यायला आमच्या सुनेला, श्वेताला दिली.

दुपारी जेवून ती कामाला बसली, मी शेजारी. म्हणाली, जन्मदिवसाच्या जुन्या रकान्यात कसलीही अक्षरं चालायची, आता तिथे फक्त तारीख चालेल. ज्या अक्षरांची तारीख होत नाही, ती जागा कोरी राहणार.

आमची हिराबाई, माझी बायको, जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या नावापुढे मीच लिहवून घेतलेलं — "लावणीच्या टायमाला". याची तारीख कशी होणार? म्हणजे तिचा दिवा नाही.

"बाबा, एक जून टाकू का? सगळ्या म्हाताऱ्यांची तीच असते."

"ती मास्तरांनी वाटलेली तारीख. ही तर शाळेची पायरीपण चढली नाही. तिला उसनं काही नको."

"मग कोरं राहील हं. नंतर माझ्यावर रागवायचं नाही."

"राहू दे."

तिने बटण दाबलं. माझ्यासकट ज्यांची अशीच अक्षरं होती, त्या सगळ्या म्हाताऱ्यांपुढे कोरं... आणि हिराबाईपुढे एकवीस जुलै, पुढे साल.

श्वेताने जुनी फाईल उघडली, तिथे "लावणीच्या टायमाला" तसंच. परत सगळं पहिल्यापासून केलं, तर हिराबाईपुढेही कोरं. पहिल्या वेळचं मात्र स्क्रीनवर समोर होतं. ती म्हणाली, "बाबा, हे यायलाच नको होतं."

मी शहाडला फोन लावला. तिथे हिराबाईची थोरली बहीण असते, अक्का. तारखेचं काही बोललो नाही, नुसतं विचारलं, हिरा कधीची? अक्का म्हणाली, "दिव्यांच्या अवसेची. आई लावणीवरून आली, दिवे घासायला बसली आणि तिथेच कळा सुरू झाल्या. मी तेवढे अर्धवट दिवे पुसून ठेवले."

एवढ्या वर्षांच्या संसारात मला हे ठाऊक नव्हतं. श्वेताने मोबाईलवर त्या सालचं पंचांग काढलं. दिव्यांची अवस एकवीस जुलैलाच.

तिच्या ऑफिसातले म्हणतात, काहीतरी चूक झाली असेल. कसली, ते कुणी सांगत नाही. मलाही कळलेलं नाही.

तारीख मी ठेवायला लावली. जुलैत देवळात दिवा लागला, मीच लावला. माझ्या नावापुढे अजून कोरंच आहे. श्वेता विचारते, "बाबा, तुमचं काय करू?" मी म्हणतो, थांब. कळवायचं असेल तर ती कळवेल.