अक्रोडाखालची रोपं

रुसांकाला पाला ओळखायला डोळे लागत नसत, नाक पुरे. पोटदुखीपासून सांधेदुखीपर्यंतचा अख्खा रोडोपी डोंगर तिच्या माळ्यावर जुड्या बांधून उलटा टांगलेला असे. एन्योच्या सणाला, ऐन जूनमधल्या पहाटे, गावच्या बायका सत्त्याहत्तर आणि वर अर्धी अशा औषधी वनस्पती खुडायला निघत. सत्त्याहत्तर ओळखीच्या दुखण्यांना आणि अर्धी नाव नसलेल्या दुखण्याला. त्यात ही सगळ्यांच्या पुढे. आणि अशी ही बाई दर वसंतात डोंगरचहाची नाजूक रोपं नेमकी परसातल्या अक्रोडाखाली लावायची, आणि ती मेली की नवऱ्याच्या नावानं शंख करायची.

"तुझ्या झाडानं माझी रोपं खाल्ली. तोडून टाक ते."

अक्रोड विदेननं लावलेला. तिकडची समजूत अशी, की अक्रोड लावावा तो म्हाताऱ्यांनीच, कारण बुंधा लावणाऱ्याच्या कमरेएवढा जाड झाला की लावणारा मरतो. विदेननं तो ऐन चाळिशीत, राकियाची दारू पिऊन पैजेवर लावला. तेव्हा घाबरणाऱ्या शेजाऱ्यांना रुसांका पोट धरधरून हसली होती. आता कुठल्या तोंडानं म्हणणार, की मला भीती वाटते? अक्रोडाचा कडू रस शेजारचं कोवळं रोप जगू देत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ती तिथं लावायची.

दुसरा उपाय चुलीवर चालू होता. लोणी थापलेली बटाट्याची जाड पोळी, चीज भरलेली बनित्सा, वर वाडगाभर दही. नवऱ्याची कंबर झाडाच्या पुढे ठेवायची होती. पण हिवाळ्यात विदेनला न्यूमोनियानं धरलं आणि त्याची गालफडं बसली. अक्रोडानं मात्र चांगलं बाळसं धरलं.

यंदा एन्योच्या पहाटे बायका डोंगर चढल्या, रुसांका गेली नाही. वाळकी रोपं मुठीत धरून ती झाडाशी बसलेल्या विदेनपुढे उभी राहिली.

"बघ. पुन्हा."

"अगं बाई, गावाला औषधं देतेस तू. अक्रोडाखाली काही जगत नाही हे शेंबडं पोरही सांगेल. वर कुरणात लाव की."

"नाही लावायची कुरणात."

"का पण?"

मग सगळं एकदमच बाहेर पडलं. "कारण मेल्या, तू वाळत चाललायस आणि तो बुंधा फुगत चाललाय. झोप नाही लागत मला. हास आता."

विदेन हसला नाही. त्यानं सदरा वर केला. पोटाभोवती लोकरीचा पट्टा, त्यावर दुसरा, आणि त्यावर जुनी घोंगडी गुंडाळलेली. भर जूनमध्ये तो घामानं निथळत होता.

"इथं यायच्या आधी रोज गुंडाळतो," तो खाली बघत म्हणाला. "म्हटलं, झाडाला कळायला नको. तुला सांगणार होतो, पण तू हसली असतीस."

ती हसलीच, आणि मग डोळे पुसत राहिली.

बायका टोपल्या भरून उतरल्या, तेव्हा दोघं करवतीची दोन टोकं धरून बसली होती, आणि विदेनच्या अंगात एकच सदरा होता.