जड हायड्रोजनची रेघ

प्रयोगशाळेत तिला सगळे पेटीवाली म्हणत. हवाबंद काचेची पेटी, तिच्या भिंतीतून आत गेलेले जाडजूड रबरी हातमोजे. त्यांत खांद्यापर्यंत हात घालून ती वर्षानुवर्षं काम करत आली होती. पेटीत असायचं जिवाणूंमधून काढलेलं एक एन्झाइम. हायड्रोजन फोडायचा नि जोडायचा, हा त्याचा उद्योग. आणि तो चालतो पोटातल्या निकेल-लोखंडाच्या एवढ्याशा गाभ्यावर. पण जराशी हवा लागली, की गाभा रुसलाच. नवरा चिडवायचा, "माझं शिंकणं घरभर ऐकू येतं तरी तू बघत नाहीस, आणि त्याला साधी हवा लागू देत नाहीस. लाडावून ठेवलंयस!"

या खेपेला तिच्या आलेखात एक बारीक रेघ उमटली. नमुन्यातून अवरक्त प्रकाश सोडला, की अणूंमधला प्रत्येक बंध आपल्या वाट्याचा प्रकाश गिळतो आणि आलेखात आपली रेघ सोडतो. ही रेघ गाभ्यावर बसलेल्या हायड्रोजनची, असं तिचं म्हणणं. यंत्र सांभाळणारे काका मान हलवत होते.

"अगं, घाण आहे ही. नमुन्याची डबी नीट धुतली नसशील."

हे तिला झोंबलं. तिच्या हातची डबी, आणि घाण!

पडताळा एकच होता: साध्या हायड्रोजनऐवजी त्याचाच जड भाऊ द्यायचा. स्प्रिंगला जड वजन टांगलं, की ती सावकाश हलते. तशी खरी रेघ खाली, कमी वारंवारतेकडे, सरकेल. घाण असली, तर जागची हलणार नाही. नमुना मात्र एकाच खेपेपुरता उरला होता. फसलं, तर काकांचंच म्हणणं कायम राहणार.

तिने पेटीतच जड वायू सोडला, डबीचं झाकण आवळलं आणि डबी यंत्रात ठेवली.

पडद्यावर जुनी जागा सपाट होती. नमुनाच मेला की काय?

काकांनी आलेख पुढे सरकवला. "थांब. ही बघ, बया इथे येऊन बसलीय."

जिथे बसायला हवी होती, अगदी तिथेच.

काका घसा खाकरून म्हणाले, "धुतली होतीस गं डबी."

तिने घामाने चिंब झालेले हात पुसले. "दोन प्रती छापा. एक तुमच्या टेबलासमोर लावायची."

"माझ्या? कशाला?"

"येणाराजाणारा विचारेल ना, ही रेघ कुणाची म्हणून. तेव्हा तुम्हीच सांगायचं."

काका हसले आणि चिकटपट्टी शोधू लागले.