टोकाच्या बांधीतलं पाणी

हे मी बरीच वर्षं कोणाला सांगितलं नाही. भीती वाटत होती असं नाही... सांगितलं असतं तर माझीच लबाडी उघडी पडली असती. चमत्कार वगैरे गोष्टींवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता. ज्यानं-त्यानं आपलं पाणी आपण बघावं, एवढंच मला कळत होतं. आता पंचाहत्तरी उलटली, म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

आमचं गाव साकोली तालुक्यात, एकोडीच्या पलीकडे. गावाचा तलाव आणि त्याच्याखाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भाताची शेतं. मी गावाचा पाणकर होतो. तलावाचं दार, म्हणजे तुडूम, उघडायचं आणि पाटानं पाळीपाळीनं सगळ्यांना पाणी द्यायचं हे माझं काम. तुडमाची लोखंडी चावी माझ्याच घरी असायची. रीत अशी की टोकाच्या बांधीला पाणी आधी, पाणकराच्या बांधीला सगळ्यात शेवटी.

टोकाची बांधी शांता वहिनींची. माझ्या चुलतभावाची बायको. तो लवकर गेला, मागे दोन लहान मुली. त्या एका बांधीवर तिघींचं वर्षाचं जेवण.

त्या वर्षी पोळ्यानंतर पाऊस आलाच नाही. धान पोटरीला आलेला, लोंबी बाहेर पडायला पाणी हवंच, आणि तलावात पाणी अगदी थोडं. मी रीत मोडली. आधी माझ्या बांध्या भरल्या आणि उरलेलं पाणी गुरांसाठी ठेवायचं, असं सांगून तुडूम बंद केलं.

दुपारी वहिनी तलावाच्या पारीवर, बांधावर आल्या.

"भाऊजी, माह्या बांधीले पाणी कवा सोडता?"

"पाणी कोठी आहे वहिनी? मी काय इंद्र आहो?"

"काल तं होतं. सकारपासून पाटाजवळ बसून आहो मी."

"बसा मंग. तुमचा देव येईन तुडूम उघडाले!"

त्या चिडल्या नाहीत. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "येईन ना. माह्या दोन पोरी त्याले दिसत नाही काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरत फिरत टोकाला गेलो... आणि जागीच थांबलो. वहिनींच्या बांधीत घोट्याएवढं पाणी! नितळ, थंड. पाट कोरडा, भेगा पडलेला. पाणी अडवायला बांधीच्या तोंडाशी मी लावलेली मातीची ढेकळं तशीच, त्यावर माझेच पाय उमटलेले. शेजारच्या बांध्या कोरड्या. पाऊस नाही, आसपास विहीर नाही. धावत तलावावर गेलो. आदल्या संध्याकाळी पाणी पायरीच्या ज्या दगडाला होतं, त्याच दगडाला होतं. बोटभरही उतरलं नव्हतं. चावी तर रात्रभर माझ्या खाटेखाली.

तेवढ्यात वहिनी आल्या. चार माणसं होती, त्यांच्यासमोर म्हणाल्या, "तोंडानं काहीही बोलता भाऊजी, पन मनाचे मोठे आहा. येऊन पाणी सोडून गेले ना?"

आमच्याकडे पाणकराशिवाय पाणी येतच नाही. त्यांना दुसरं काय वाटणार?

मी "हं" म्हणालो. एवढंच.

पाणी धान भरेपर्यंत टिकलं. नवा तांदूळ निघाला की त्यानं भरलेलं पहिलं सूप तलावाच्या देवापुढे ठेवायचं, ही सगळ्या गावाची चाल. वहिनी ते सूप घेऊन माझ्या दारात आल्या. "आधी तुमी, मंग देव." मी घेतलं. आमच्या घरी त्याचा भात झाला, मी जेवलो. त्यानंतर दर वर्षी सूप येत राहिलं. मुली शिकल्या, लग्नं झाली, तरी सूप चुकलं नाही.

ते पाणी कुठून आलं? अनेकदा विचार केला. जमिनीतून पाझरलं म्हणावं, तर शेजारी का नाही? त्याआधी नाही, नंतरही कधी नाही. मला आजही माहीत नाही. ज्याच्यावर त्यांचा भरवसा होता, त्यानं दिलं, एवढंच म्हणता येतं. आणि त्याच्या वाटचं सूप मी खाल्लं.

गेल्या हिवाळ्यात वहिनी आजारी पडल्या, साकोलीला धाकट्या मुलीकडे होत्या. बसमध्ये सगळं मनात जुळवून गेलो. खाटेजवळ बसून सुरुवात केली, "वहिनी, त्या सालचं ते पाणी..."

त्यांनी माझा हात धरला आणि मुलीला म्हणाल्या, "भाऊजीचं सूप यंदा पोचलं नाही का वं? आठवणीनं दे."

मुलगी तांदळाची पिशवी घेऊन आली. मी पिशवी घेतली, चहा प्यालो आणि परतीच्या बसमध्ये बसलो. आठव्या दिवशी वहिनी गेल्या. पिशवी अजून तशीच बांधलेली आहे.

वहिनी, ते पाणी मी सोडलं नव्हतं. तुमचं पाणी मी माह्या बांधीत घेतलं होतं. मले माफ करा.