घट्ट झाकणाचा डबा

माझी नोकरीची तयारी परिपूर्ण होती. तिच्यात फक्त आई धरलेली नव्हती.

गृहविज्ञानात एम.एस्सी. झाल्यावर शेंद्र्याच्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यातून मुलाखतीचे बोलावणे आले. अट एकच : उमेदवाराने स्वतः बनवलेल्या झटपट पिठाचा नमुना सोबत आणावा. ("गृहविज्ञान म्हणजे पोळ्या लाटायला शिकवतात का गं?" असे विचारणाऱ्या समस्त नातेवाइकांना उत्तर देण्याची ही संधी होती. ती हुकली, तर घरातल्या पुढच्या प्रत्येक कार्यात पोळपाट माझ्याच पुढ्यात येणार होता.)

मी ज्वारी, मूगडाळ आणि शेवग्याचा वाळवलेला पाला यांचे धिरड्याचे पीठ तयार केले. पिठाला ओल लागता कामा नये, म्हणून घरातला एकेक डबा पाणी भरून उलटा धरला. सगळे गळले, गळला नाही तो फक्त शेजारच्या शबाना खालांचा डबा, ज्यातून आमच्याकडे गाजराचा हलवा आला होता. शास्त्रीय कसोटीवर निवडलेल्या त्या डब्यात मी पीठ भरले, तो ओट्यावर ठेवला आणि मुलाखतीची उत्तरे घोकायला निघून गेले. (उरलेले पीठ बाबांनी "अजून एक चाचणी घे" असे म्हणत म्हणत रात्रीच संपवले.)

सकाळी ओटा रिकामा होता.

"आई, इथला डबा?"

"खालांना पहाटेच दिला की. तू भरून ठेवला होतास ना? म्हटलं, पोरीला एकदाची रीत कळली."

आमच्या दोन घरांत डबा रिकामा परत जात नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. पण ज्ञान असणे वेगळे आणि ते ऐन वेळी आठवणे वेगळे. मी चप्पल न घालता धावले. खाला फाटकातच भेटल्या, हातात तोच डबा. धापा टाकत मी सांगितले, की हा मला मुलाखतीला न्यायचा आहे. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, दुआ दिली आणि डबा हवाली केला. वजन तेवढेच, झाकण तसेच. त्याअर्थी पीठही तेच, असा निष्कर्ष मी काढला. डबा कोमट लागला, त्याचे खापर मी उन्हावर फोडले. बाबांची स्कूटर सुरू झाली होती. चिकलठाण्याच्या प्रत्येक सिग्नलला मी उत्तरे पुन्हा पहिल्यापासून घोकत होते.

मुलाखतीला एक मॅडम आणि एक वयस्क साहेब होते. माझे भाषण अस्खलित झाले. पीठ पौष्टिक, टिकाऊ, संपूर्ण शाकाहारी. मग मी झाकण उघडले.

आतून वाफ आली. डब्यात घडी घातलेली धिरडी होती आणि कडेला कोथिंबिरीची चटणी.

"हे पीठ?" मॅडमनी विचारले.

"पिठाची पुढची अवस्था," मी म्हणाले. (आवाज माझाच होता, अशी माझी समजूत आहे.)

साहेब मात्र खुलले. "आम्ही कडक शाकाहारी. तुम्ही सांगितलंत म्हणून निर्धास्त खातो," म्हणत त्यांनी तुकडा उचलला. त्या क्षणी मला आठवले, की खाला स्वतःच्या घरच्या धिरड्यात हमखास अंडे फोडतात. मी तो तुकडा त्यांच्या बोटांतून अक्षरशः काढून घेतला.

"सर, खाऊ नका. हे मी केलेलं नाही. यात काय काय आहे, मला माहीत नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवले. "नमुना म्हणून तुम्ही अज्ञात पदार्थ आणलाय?"

"हो, मॅडम."

डोळ्यांसमोर पोळपाट आला. तरीही मी फोन करण्याची परवानगी मागितली. स्पीकरवर लावा, असा हुकूम झाला.

"खाला, धिरड्यात अंडं घातलं का?"

"नई बेटा, तेराच आटा घोली. तेरी अम्मी नई खाती ना, तवा बी अलग लिया. कायकू, किसी का पेट दुख रा क्या?"

साहेबांनी तुकडा माझ्या हातातून परत घेतला आणि खाल्ला. मग दुसरा. मॅडम म्हणाल्या, "पीठ उद्या आणून द्या, ते तपासूच. पण परीक्षकाच्या तोंडचा घास काढणारी उमेदवार मी आजच बघितली. गुणवत्ता विभागाला असंच माणूस लागतं."

आता त्या कारखान्यात माझ्या सहीशिवाय एकही डबा जागचा हलत नाही. खालांचा डबा मात्र बरेच दिवस आमच्याकडेच पडून होता. काल त्यात लाडू भरायला घेतले, तर आईने झाकणावर हात ठेवला.

"थांब. हा खालांचा का साहेबांचा?"

मी त्यावर चिठ्ठी चिकटवली : लाडू, खालांसाठी. आईने ती चष्मा लावून वाचली, झाकण उघडून आत खरोखर लाडूच आहेत याची खात्री केली आणि मगच मला डबा नेऊ दिला.